गच्चीवरचं रानटी मुलेन : ओळखायचं कसं, लावायचं कसं

मोबाइलवर ‘मुलेन’ शोधलं की चित्र येतं ते एकाच झाडाचं. कांबळ्यासारखी जाड, पांढरट, लोकरी पानं आणि माणसाच्या उंचीचा सरळसोट पिवळा दांडा. ते झाड थंड प्रदेशातलं. आपल्या देशात ते हिमालयात सापडतं, ठाण्याच्या खाडीकाठी नाही. पण मुलेनच्याच कुळातलं, त्याच प्रजातीगटातलं एक झाड आपल्याकडे हिवाळ्यात पडीक जागांवर, नदीकाठच्या गाळात, भात कापून झालेल्या खाचरांच्या कडेला आपोआप उगवतं आणि फुलतं. ते लोकरी नसतं, दांडा फार तर कमरेएवढा. म्हणूनच चित्र मनात ठेवून शोधणाऱ्याच्या नजरेतून ते हमखास सुटतं.

मी ऐरोलीत राहते आणि गेली काही वर्षं सोसायटीच्या गच्चीवर हे झाड बियांपासून वाढवते. सुरुवातीला मला सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे दोन हंगाम वाया गेले. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे ते दोन हंगाम वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी नावाचा गुंता सोडवू

शास्त्रीय नाव व्हर्बास्कम चायनेन्स. जुन्या पुस्तकांत हेच झाड सेल्सिया कोरोमांडेलियाना या नावाने येतं. दोन नावं का, हे समजून घेतलं की ओळखीचं निम्मं काम होतं, म्हणून थोडं थांबते. मुलेनच्या फुलात साधारणपणे पाच पुंकेसर असतात. ज्यांच्यात चारच होते, त्या झाडांचा जुन्या शास्त्रज्ञांनी वेगळा गट केला आणि त्याला सेल्सिया म्हटलं. स्वीडनच्या ओलोफ सेल्सियस यांच्यावरून लिनिअसने ते नाव दिलं होतं. (तापमानवाले सेल्सियस ते हे नव्हेत, ते यांचे पुतणे.) पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की एका पुंकेसराच्या फरकावर वेगळं घर थाटण्याइतकी ही झाडं निराळी नाहीत, आणि सेल्सिया मुलेनमध्ये मिसळली गेली. आपल्या या झाडाचं आजचं नाव रूढ केलं ते फादर सांतापाव यांनी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि पुरंदरच्या वनस्पतींवरच्या १९५८च्या ग्रंथात त्यांनी हे झाड व्हर्बास्कममध्ये आणलं. तर लक्षात ठेवायचं एवढंच की आपल्या मुलेनला पुंकेसर चार.

मराठीत या झाडाला कुटकी आणि कोलहल अशी नावं नोंदलेली आहेत. मी स्वतः कुटकी हा शब्द वापरायचं टाळते, कारण आयुर्वेदाच्या दुकानात कुटकी मागितली तर मिळतं ते हिमालयातल्या एका अगदी वेगळ्या झाडाचं कडू मूळ. मध्य प्रदेशाकडे कुटकी म्हणजे भरडधान्य. तिसरा घोळ ‘रानतंबाखू’ या नावाचा. हिंदीत मुलेनच्या झाडांना गीदड तंबाकू म्हणतात. आपल्याकडे मात्र रानतंबाखू म्हणून ओळखली जाते ती सह्याद्रीतली धवळ, म्हणजेच देवनळ, आणि ती विषारी आहे. नुसत्या बोलीनावावर बी घेऊ नका, देऊ नका. पाकिटावर शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिलं तरी चालेल, पण ते हवंच.

कधी आणि कुठे शोधायचं

पावसाळ्यात शोधायला जाऊ नका. त्या दिवसांत सगळीकडे टाकळा आणि गवत माजलेलं असतं आणि हे झाड बीच्या रूपात मातीत झोपलेलं असतं. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापून ओसरलं की रोपं दिसायला लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमिनीलगत पानांचं चक्र पसरतं. जानेवारीपासून दांडा चढतो आणि मार्चपर्यंत फुलं राहतात. एप्रिलच्या उन्हात झाड वाळतं. नवशिक्यासाठी सर्वांत सोपा काळ जानेवारीचा दुसरा पंधरवडा, संक्रांत झाल्यानंतरचा, कारण तेव्हा एकाच झाडावर खाली पानं, वर फुलं आणि मध्ये कोवळी बोंडं असं सगळं एकत्र बघायला मिळतं.

जागा कोणती? थोडी ओल धरणारी, पण पाणी न साचणारी, आणि उघड्या उन्हाची. उल्हास नदीचा गाळाचा काठ, पनवेलच्या बाजूला गाढी नदीचा काठ, ओढ्यानाल्यांच्या कडेची वाळूमिश्रित माती, बांधकामासाठी सपाट करून वर्ष-दोन वर्षं तशीच पडलेली जागा. मी पहिलं झाड पाहिलं ते घणसोलीच्या बाजूला, रेल्वेरुळांपासून थोडं आत, राडारोड्याच्या ढिगाजवळ. खाडीच्या खाऱ्या चिखलात, तिवरांच्या आसपास ते शोधण्यात वेळ घालवू नका. तिथली माती त्याला मानवत नाही. येऊर, कर्नाळा आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य या जागांत फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. ही संरक्षित क्षेत्रं आहेत. तिथून रोप, बी, पान काहीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

पहिली पायरी : पानं

फूल येण्याआधी ओळखायचं असेल तर खाली वाका आणि मुळाजवळची पानं बघा. बाजारात मुळ्याची जुडी आपण रोज बघतो. त्या पाल्याचं पान आठवा. देठाकडून दोन्ही बाजूंना लहान लहान तुकडे आणि टोकाला एक मोठा, गोलसर तुकडा. मुलेनचं तळाचं पान त्याच घडणीचं असतं, फक्त कडेला दाते जास्त आणि अंगावर मऊ लव. वरच्या पानांचा आकार हळूहळू बदलत जातो. तुकडे नाहीसे होतात, पान लहान होतं, देठ संपतो आणि पान थेट दांड्याला चिकटतं. पानं समोरासमोर जोडीने नसतात, एकाआड एक असतात. हे नक्की तपासा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता एक पान मोडा. तुटलेल्या जागी चीक यायला नको, पांढरा नको आणि पिवळाही नको. बोटांत चुरडा. कापरासारखा उग्र वास यायला नको, मोहरीसारखा झणझणीतपणाही नको. साधा हिरव्या पाल्याचा वास हवा. या चार ‘नको’मध्ये बाकीची बरीच झाडं गळून जातात.

दुसरी पायरी : फूल

पानांवरून शंका येते, खात्री फुलावरूनच होते. सकाळी लवकर जा. ही फुलं सकाळची असतात आणि दुपारपर्यंत त्यातली बरीच गळून पडतात. पाकळ्या एकेक करून गळत नाहीत, अख्खी पिवळी चकती एकसंध खाली येते. त्यामुळे दुपारी गेलात तर झाडाखाली फुलं आणि झाडावर नुसते कळे असं दिसतं, आणि खाली पडलेल्या फुलात बघायला काही विशेष उरलेलं नसतं.

माझ्या गच्चीवर जानेवारीत सकाळी साडेसातच्या सुमारास पारसिकच्या डोंगरामागून ऊन येतं. त्या तिरप्या उन्हात एक फूल भिंगाखाली धरलं की जे दिसतं ते असं. फूल रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान, चांगलं उघडं, बशीसारखं चपटं. पाकळ्यांचे भाग पाच, पण बुडाशी जोडलेले. पाचही सारखे नाहीत, खालचा किंचित मोठा. पिवळ्या रंगाच्या मध्याशी जांभळट झाक. आणि त्या मध्यातून वर आलेले चार तंतू. हे तंतू गुळगुळीत नाहीत. त्यांच्यावर जांभळ्या केसांची दाट झालर असते, इतकी दाट की नुसत्या डोळ्यांना वाटतं फुलात एखादी इवलीशी केसाळ अळी बसली आहे. झालरीच्या टोकांना केशरी-पिवळे परागकोश. मधमाश्या याच परागासाठी येतात. माशी त्या केसांना पाय अडकवून लटकते आणि पोटाखाली पराग लावून घेते. ते बघत बसलं की चहा गार होतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग स्टेशनरीच्या किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नसलं तर मोबाइलचा कॅमेरा जवळून लावा आणि चित्र मोठं करून पुंकेसर मोजा. चार पुंकेसर, जांभळे केस, चपटं पिवळं फूल आणि एकाआड एक पानं या चार गोष्टी जुळल्या तर ओळख पक्की धरायला हरकत नाही.

जोडीला दांड्यावरून बोट फिरवून बघा. फुलांचा भाग सुरू होतो तिथे बारीक, टोकाशी थेंब धरलेले केस असतात आणि बोटाला चिकटपणा जाणवतो. फुलं एकमेकांना चिकटून कणसासारखी बसत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा बारीक देठ असतो आणि दोन फुलांत मोकळी जागा असते. इंटरनेटवरच्या लोकरी मुलेनचं कणीस गच्च भरलेलं असतं, आपल्याचा तुरा विरळ. हा फरक लांबूनही कळतो.

कुणाशी गल्लत होते

सर्वांत जास्त गल्लत होते भामुर्ड्याशी, आणि तीही कोवळेपणी, पानं चक्रात असताना. त्याचीही तळाची पानं अशीच तुकड्यांची, तोही हिवाळ्यातला, जागाही तीच. पण भामुर्ड्याचं पान चुरडलं की कापरासारखा उग्र वास नाकात जातो आणि बोटांना राहतो. एकदा वास घेतला की पुन्हा चूक होत नाही, म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी आधी भामुर्ड्याचाच वास घ्यायला लावते.

पाथरी आणि तिच्या भावकीतल्या झाडांची पानं मोडली की दूध येतं, तिथेच ती बाद. रानमोहरीच्या फुलाला चारच पाकळ्या असतात, क्रॉससारख्या मांडलेल्या. पिवळा धोतरा काट्यांमुळे आणि पिवळ्या चिकामुळे वेगळा पडतो. त्याचं बी विषारी असतं आणि ते मोहरीत मिसळलं गेलं तर माणसं गंभीर आजारी पडतात, म्हणून बी गोळा करताना त्याच्या आसपास जास्त सावध राहा. ठाण्यातल्या जुन्या दगडी भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर एक पिवळ्या फुलांचं झुडूप फुटतं. ते लिंडेनबर्जिया. त्याचं फूल बशीसारखं उघडं नसतं, दोन ओठ असलेलं, तोंड अर्धवट मिटलेलं असतं, आणि खालची पानं समोरासमोर असतात.

आणि धवळ. ती ठाणे-नवी मुंबईच्या सपाटीवर नाही, वर घाटात भेटते, पण डोंगरात भटकणारे तिचं बी ‘रानतंबाखू’ म्हणून घेऊन येतात. तिची फुलं पांढुरकी, झाड चांगलं माणसाहून उंच, मोडलं की झोंबणारा चीक. घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर ती लावूच नका.

अजूनही शंका राहिली तर चार फोटो काढा. पूर्ण झाड, तळाची पानं वरून, दांड्याचा मधला भाग शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, आणि फूल समोरून इतकं जवळून की पुंकेसर मोजता येतील. हे चार फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाकले की जाणकार सांगतात. लांबून काढलेल्या एका फोटोवरून कुणीही काही खात्रीने सांगू शकत नाही, कितीही जाणकार असला तरी.

बी कुठून आणायचं

नर्सरीत हे मिळत नाही. ऑनलाइन ‘मुलेन’ म्हणून जी पाकिटं मिळतात ती जवळजवळ सगळी लोकरी मुलेनची असतात. माझा एक हंगाम त्यात गेला. बी उगवलं, पानं सुंदर आली, पण त्या झाडाला फुलायला लांबलचक थंडीचा काळ लागतो आणि तो नवी मुंबईत कुठून मिळणार? पाऊस सुरू झाला आणि लोकरी पानांत पाणी धरून सगळी रोपं आठवड्यात कुजली. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. पाकिटावर नुसतं ‘मुलेन’ होतं आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हा बी आपल्याच भागातल्या झाडाचं घ्या. जानेवारीत फुलावर असताना झाड ओळखून ठेवा, जागेचा नकाशा मोबाइलमध्ये जतन करा आणि मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला परत जा. मोकळ्या प्लॉटवर मालकाला किंवा वॉचमनकाकांना विचारून घ्या. ‘काका, हे वाळलेलं गवत घेऊ का?’ एवढं म्हटलं तरी सहसा कुणी नाही म्हणत नाही. एप्रिल उलटला की पावसाळ्याआधीची सफाई सुरू होते, मशीन फिरतं आणि झाडं साफ होतात, म्हणून उशीर करू नका.

बोंडं हरभऱ्याहून लहान, गोल, टोकाला सुईसारखा अवशेष असलेली. तपकिरी होऊन वरून चिरायला लागली की तयार. हिरवी बोंडं तोडून घरी वाळवली तर बी नीट भरत नाही. एका झाडावरची सगळी बोंडं घेऊ नका; तीन-चार झाडांवरची थोडी थोडी घ्या, बाकी तिथेच पडू द्या. रोप उपटून आणायचा मोह टाळा. याला सरळ खाली जाणारं मूळ असतं, ते तुटलं की रोप सहसा जगत नाही आणि जागेवरचं झाडही जातं.

घरी आणून बोंडं कागदावर दोन दिवस सावलीत ठेवा आणि हलक्या हाताने चुरडा. बी खसखशीहून बारीक, तपकिरी-काळसर, भिंगाखाली खडबडीत दिसतं. चहाच्या गाळणीतून चाळलं की कचरा वर राहतो. कागदाच्या पुडीत बांधून, घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्य असेल तर ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने बियांचे खरे वैरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसतं बांधून स्वयंपाकघरात ठेवलेलं माझं बी एकदा बुरशीने पार गेलं होतं.

कोरडं राहिलं तर मुलेनचं बी चिवट असतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली वेगवेगळ्या तणांचं बी ओल्या वाळूत मिसळून बाटल्यांत भरून जमिनीत पुरलं, ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बघायची असं ठरवून. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, काढलेल्या बाटलीतून जे उगवलं ते मुलेनच होतं. आपली नव्हे, पण त्याच गटातली जात. त्या वाळूतून वर आलेल्या रोपट्याचं मला फार अप्रूप वाटतं.

पेरणी : इथेच बहुतेकांचं चुकतं

आपल्याला सवय असते की लागवड म्हणजे जून. पहिला पाऊस पडला की सगळे कुंड्या भरतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि बी उगवून, बुडाशी काळं पडून, एका रात्रीत आडवं झालं. हे रब्बीचं झाड समजा. कोजागिरीच्या आसपास, पाऊस पूर्ण थांबल्यावर पेरा. दिवाळीपर्यंत पेरलं तरी चालतं. डिसेंबरात पेरलं तर झाड वाढतं पण ठेंगणं राहतं, कारण पान पसरायला वेळ मिळत नाही आणि ऊन तापायला लागतं.

उथळ ट्रे घ्या, श्रीखंडाचा किंवा मिठाईचा चपटा डबा तळाला भोकं पाडून चालतो. एक भाग चाळलेली माती आणि एक भाग बारीक वाळू. खत घालू नका. माती आधी पाण्यात ठेवून खालून ओली करून घ्या, मगच बी टाका.

आता बी टाकताना. चिमूटभर बी तीन-चार चमचे कोरड्या वाळूत नीट मिसळा, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. रांगोळी जशी चिमटीतून सोडतो तशी ती वाळू मातीवर सोडा. वरून माती घालायची नाही. पुन्हा सांगते, झाकायचं नाही, या बीला उगवायला उजेड लागतो. हाताच्या तळव्याने फक्त हलकं दाबा, म्हणजे बी मातीला टेकेल. झारीने पाणी घातलं तर बी वाहून कोपऱ्यात जमा होतं, म्हणून कपड्यांना इस्त्री करताना वापरतो तसल्या फवाऱ्याने सकाळ-संध्याकाळ धुकं द्या. ट्रे सकाळचं ऊन मिळेल पण दुपारची झळ लागणार नाही अशा जागी ठेवा.

माझ्याकडे दहा-बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. सुरुवातीला ती इतकी बारीक असतात की शेवाळ आलं असं वाटतं. घाईने खरवडून टाकू नका. तिसऱ्या आठवड्यात लव असलेलं पहिलं खरं पान येतं आणि मग खात्री पटते.

कुंडी, माती, पाणी

चार-पाच पानं झाली की प्रत्येक रोप स्वतंत्र कुंडीत हलवा. चमच्याने मातीचा गोळा धरूनच उचला, पानाला धरून ओढू नका. कुंडी रुंदीपेक्षा खोल हवी, निदान दहा इंच, कारण मूळ सरळ खाली जातं.

आपल्याकडे नर्सरीत जी लाल माती मिळते ती चिकट असते. दोन-तीन वेळा पाणी घातलं की विटेसारखी घट्ट बसते आणि तिच्यात हे झाड गुदमरतं. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक मूठ जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं पुरे. खताचा सढळ हात असणाऱ्यांनी इथे आवरतं घ्यावं. जास्त खत दिलं की पानं मोठी, दांडा पोचट आणि फुलं कमी. राडारोड्यात वाढणारं झाड आहे हे.

ऊन पाच-सहा तास. ग्रिलमध्ये लावणार असाल तर पूर्व किंवा दक्षिणेची खिडकी बघा. उत्तरेच्या ग्रिलमध्ये नुसती पानंच मिळतील. पाण्याला वेळापत्रक नको, बोट घालून बघा. वरची दोन पेरं माती कोरडी लागली की घाला, ओल लागली तर थांबा. पानांच्या चक्रावर पाणी ओतू नका, कडेने घाला. मध्यभागी पाणी साचून राहिलं की कोंब कुजतो, आणि कोंब गेला की दांडा गेला.

डिसेंबरअखेर चक्राच्या मध्यातून दांडा वर यायला लागतो. खाडीकडून येणारा वारा गच्चीवर जोरात लागतो, तेव्हा शेजारी एक बांबूची काडी रोवून सुती दोऱ्याने सैल बांधा. मावा आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पिठ्या ढेकूण दिसले तर जुन्या टूथब्रशने काढा. फुलं असताना कोणतंही औषध फवारू नका, कारण मधमाश्या तिथेच असतात. मुख्य तुऱ्याची फुलं संपत आली की खालून बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्यांवर पुन्हा महिनाभर फुलं मिळतात. म्हणून मुख्य तुरा संपला म्हणजे झाड संपलं असं समजून ते उपटू नका.

खाण्या-लावण्याबद्दल

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. खोकल्यासाठी मुलेनच्या पानांचा चहा, कानात घालायचं फुलांचं तेल असं जे वाचायला मिळतं ते युरोपातल्या लोकरी मुलेनबद्दल आहे. आपल्या जातीचा पाला लोक पोटाच्या तक्रारींवर वापरत आले आहेत, पण किती, कसा आणि कुणाला, हे वैद्याने समोर बसून सांगायचं काम आहे. मी हे झाड खात नाही, उकळत नाही आणि कुणाला तसा सल्लाही देत नाही. मुलेनच्या बियांत सॅपोनिन असतं, आणि युरोपात पूर्वी मासे गुंगवण्यासाठी या बिया पाण्यात टाकत असत. म्हणून घरी माशांची टाकी किंवा कमळाची कुंडी असेल तर बोंडांची कुंडी तिच्या शेजारी ठेवू नका.

पुढच्या वर्षाचं बी

मार्चमध्ये बोंडं तपकिरी व्हायला लागली की पाणी कमी करत न्या. सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत, खालची आधी आणि टोकाची शेवटी. दांडा अखंड कापायची घाई केली तर वरचं निम्मं बी कच्चं राहतं. मी जुन्या ओढणीचा तुकडा तुऱ्यावर पिशवीसारखा सैल बांधते. वाऱ्याने बोंड फुटलं तरी बी आत पडतं, शेजारच्या कुंड्यांत तण होऊन येत नाही.

दांडा पूर्ण वाळला की तो पिशवीसकट उलटा करून कागदावर झटकायचा. पुडीवर जागा, महिना आणि वर्ष लिहायचं, उदाहरणार्थ ‘घणसोली, राडारोडा, मार्च’. दोन वेगळ्या जागांचं बी एका पुडीत टाकू नका. गाढीच्या काठचं आणि घणसोलीचं झाड माझ्याकडे शेजारी शेजारी वाढतं, आणि गाढीचं दरवर्षी आठवडाभर आधी फुलतं. वाळलेला दांडा आणि मूळ कुंडीतच बारीक तोडून ठेवा, वर पालापाचोळा पसरा आणि पावसात ती कुंडी आडोशाला सरकवा. ऑक्टोबरमध्ये त्याच मातीत, न पेरता, चार-दोन रोपं आपणहून वर येतात.